दार रात्रीत कुरतडलं? झाडू हातात घेण्याआधी एवढं बघा

सकाळी कडी काढायला जावं आणि दाराचा खालचा कोपरा खाल्लेला दिसावा, खाली भुशाचा छोटा ढीग. अशा वेळी बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते केर काढण्याचं. नेमकं तेच करू नका. तो भुसा म्हणजे तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि तो एकदा सुपलीत गेला की उरतो फक्त अंदाज.

हे मी अनुभवाने सांगतोय. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी परसाकडच्या दाराचा कोपरा असाच एका सकाळी गेला होता. आईने सडा घालण्याआधी सगळं झाडून टाकलं. कोकण, पावसाळा आणि लाकूड म्हटल्यावर घरातल्या-शेजारच्या सगळ्यांनी एकच नाव घेतलं: वाळवी. औषधवाल्याला बोलावलं. त्याने दाराकडे नीट न बघताच भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडलं, पैसे घेतले आणि गेला. चौथ्या रात्री तोच कोपरा आणखी चार बोटं वर गेला. या वेळी मी आईला झाडू लावू दिला नाही. भुसा चिमटीत घेतला तर पीठ नाही, माती नाही, हाताला टोचणारे चपटे कपचे. ती घूस होती. पायरीखाली तिचं बीळ होतं, नारळाच्या आळ्यापर्यंत गेलेलं. वाळवीचं औषध तिचं काय करणार होतं?

म्हणून हा लेख. पहिल्यांदाच स्वतःचं घर सांभाळणाऱ्यांसाठी, तळमजल्यावर राहायला आलेल्यांसाठी, किंवा गावचं बंद घर वर्षातून दोनदा उघडणाऱ्यांसाठी.

आधी एक प्रश्न: रात्रीत झालं, की रात्रीत दिसलं?

एका रात्रीत दार खरोखर खाऊ शकतात असे जीव मोजकेच. उंदीर, घूस, घरातला कुत्रा किंवा मांजर आणि माणूस. वाळवी, लाकूड पोखरणारे भुंगेरे आणि कुजणं यांना महिने लागतात, कधी वर्षं. पण त्यांचं नुकसान दिसतं मात्र अचानक. वाळवी लाकूड आतून खाते आणि रंगाचा पापुद्रा तसाच ठेवते. एखाद्या रात्री दार वाऱ्याने आपटतं, पापुद्रा फुटतो आणि सकाळी वाटतं की हे कालच झालं. वाळवीची मातीची नळी मात्र एका रात्रीत वीतभर वाढू शकते, त्यामुळे काल स्वच्छ असलेल्या चौकटीवर आज मातीची रेघ दिसली तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

पहिली पायरी: हात न लावता फोटो

जमिनीवरच्या ढिगाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा आणि जवळून फोटो काढा. नाणं साधारण 2 सेंटिमीटर रुंद असतं, त्यामुळे नंतर कुणाला दाखवताना मापाचा वाद होत नाही. मग खाल्लेल्या जागेचा फोटो, आणि शेवटी पूर्ण दाराचा. त्यानंतर थोडा भुसा कोऱ्या कागदावर घेऊन पुडी बांधून ठेवा. हातात मोजे घाला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि बोटावरची छोटी जखमही त्या जंतूंना पुरते.

दुसरी पायरी: जागा, उंची आणि बाजू

उंदराला सपाट फळीच्या मध्ये दात लावता येत नाहीत, त्याला कड लागते. म्हणून त्याचं काम दाराच्या खालच्या कडेला, कोपऱ्यात, फार तर चौकट आणि फळी यांच्या फटीशी सापडतं. जमिनीपासून वीतभराच्या आत. माळ्याच्या किंवा पोटमाळ्याच्या दाराला मात्र वरची कडही जाते, कारण कौलारू घरातला काळा उंदीर वाशांवरून येतो.

आता भुसा कोणत्या बाजूला पडलाय ते बघा. कुरतडणारा ज्या बाजूला बसला होता त्याच बाजूला बहुतेक कपचे पडतात, आणि लाकडाचा उतारही त्या बाजूने दिसतो. सगळा ढीग बाहेर असेल तर कुणीतरी आत यायचा प्रयत्न करतंय. ढीग घराच्या आतल्या बाजूला असेल तर प्राणी घरातच अडकलेला आहे आणि बाहेर पडायची वाट शोधतोय. याचा अर्थ तुम्ही फट बुजवली तर त्याला आत कोंडून घ्याल. ही एवढी साधी गोष्ट बघितली जात नाही आणि मग पंधरा दिवसांनी कपाटामागून वास येतो.

कुत्र्यामांजराची उंची वेगळी. कुत्रा कडीच्या बाजूला, म्हणजे दार जिथून उघडतं तिथे, पंजे मारतो. तीन-चार समांतर ओरखडे, वरून खाली, त्याच्या छातीच्या उंचीपासून. चावला असेल तर लाकडात गोलसर खड्डे आणि ओलसर, पिंजलेले तंतू राहतात. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री एकट्या कोंडलेल्या कुत्र्याने दाराचं असं केलं असेल तर त्याच्यावर रागावू नका, ती भीती असते. मांजराचे ओरखडे बारीक आणि उभे असतात, आणि बऱ्याचदा जुन्यांवरच नवे.

खुणा कुलपाजवळ, कोयंड्याजवळ किंवा बिजागरीजवळ असतील, लाकूड चेपलेलं असेल, रुंद चपट्या हत्याराची धार उमटलेली असेल, तर तो प्राणी नाही. पुढचं काही करू नका, कशाला हात लावू नका, 112 वर फोन करा.

तिसरी पायरी: भुसा चिमटीत घ्या

खरी ओळख इथे पटते, म्हणून जरा निवांत बघा. खिडकीजवळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर आणि एकदा काळ्या कागदावर.

टोचणारे कपचे, छोट्या सोललेल्या सालींसारखे, आकार एकसारखा नाही: उंदीर किंवा घूस. लाकडावर जोडीजोडीने खाचा दिसतील, कारण पुढचे दोन दात एकत्र चालतात. दोन्ही दातांची मिळून रुंदी दीड-दोन मिलिमीटर असेल तर लहान घरउंदीर, साडेतीन-चार असेल तर मोठा उंदीर, त्याहून रुंद असेल तर घुशीचा संशय घ्या. त्याच ढिगात लेंड्या असतातच, नीट शोधा. घरउंदराच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या, 3 ते 6 मिलिमीटर, टोकदार. काळ्या उंदराच्या सेंटिमीटरभर किंवा जरा जास्त, दोन्हीकडे निमुळत्या. घुशीच्या दीड-दोन सेंटिमीटर, जाड. ताजी लेंडी मऊ आणि चकाकती असते, जुनी राखाडी आणि चुरणारी. भिंतीच्या कडेने तेलकट काळा पट्टा दिसला तर तो त्यांच्या रोजच्या वाटेचा.

ओलसर माती, मळकट चुरा, आणि त्यात पांढुरके मऊ किडे: जमिनीतली वाळवी. विदर्भ-खानदेशाकडे हिलाच उधई म्हणतात. हिच्या नुकसानीत भुसा जवळजवळ नसतो, कारण लाकूड तिच्या पोटात जातं आणि जागा मातीने भरली जाते. फुटलेल्या जागी लाकडाचे पदर उभे राहिलेले दिसतात, मऊ भाग खाल्लेला आणि कठीण पदर उरलेला, पुस्तकाच्या पानांसारखे. चौकट जमिनीला टेकते तिथून मातीची पेन्सिलएवढी जाड नळी वर चढलेली असते. तिचा दोन बोटं तुकडा खरवडून काढा आणि बाकी तशीच ठेवा. दोन-तीन दिवसांत ती जागा पुन्हा लिंपली गेली तर वस्ती जिवंत आहे. नाही लिंपली तर ती सोडून गेली असेल किंवा वाट बदलली असेल, म्हणून चौकटीची दुसरी बाजूही तपासा.

खसखशीसारखे कडक, सुटे दाणे, बोटांत चोळले तरी न चुरणारे: कोरड्या लाकडातली वाळवी. किनारपट्टीवरच्या घरांत ही भेटते आणि हमखास ओळखू येत नाही, कारण हिला मातीशी संबंध लागत नाही, नळी नाही, ओल नाही. ते दाणे म्हणजे तिची विष्ठा. भिंगातून बघितलं तर प्रत्येक दाण्याला सहा चपट्या बाजू दिसतात. दुसऱ्या कशाचेही दाणे असे नसतात. फळीत टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं, त्यातून ती कचरा बाहेर लोटते आणि खाली छोटी रास जमते. रोज झाडलं तरी रोज जमते.

मैद्यासारखं मऊ पीठ आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं: लाकूड पोखरणारे भुंगेरे. सुतार म्हणतात, लाकडाला घुण लागला. भोकं तीन-चार मिलिमीटरची, पीठ जरा भरड असेल तर त्याच कुळातला मोठा भाऊबंद. कोकणात अशाला सरसकट भिरूड म्हणतात, पण आंब्याचं खोड पोखरतो तो भिरूड वेगळा आणि पुष्कळ मोठा. या भुंगेऱ्यांच्या अळ्यांना लाकडातलं पिष्ट हवं असतं. ते मिळतं बाहेरच्या पांढरट भागात, गाभ्यात नाही. त्यामुळे चौकट सागाची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पैसे वाचवायला सागाचा पांढरा भाग ठेवून चौकट केली असेल तर भोकं नेमकी त्या पट्ट्यात पडतात आणि शेजारचा तपकिरी गाभा शाबूत राहतो. भोकाच्या आतलं लाकूड उजळ असेल तर ते ताजं, काळपट असेल तर जुनं. दार आपटलं की जुन्या भोकांतूनही पीठ गळतं, म्हणून घाई नको. भोकांवर मेणबत्तीचं मेण लावा, तारीख लिहून ठेवा, खाली काळा कागद अंथरा. पंधरा दिवसांत नवं भोक किंवा नवं पीठ दिसलं तरच उपचाराचा विचार करा.

भरड, पिवळसर भुसा आणि करंगळी जाईल एवढं अगदी गोल भोक: सुतारमाशी, म्हणजे मोठा काळा भुंगा. ती लाकूड खात नाही, अंडी घालायला घर कोरते. बहुतेक जाती दिवसा काम करतात. पण रात्री घोंघावण्याचा आवाज आला असेल तर तो भास नव्हता. झायलोकोपा ट्रँक्वेबारिका ही आपल्याकडची जात रात्रीची उडते, अगदी चांदणं नसलेल्या रात्रीसुद्धा, आणि तिच्या नजरेचा अभ्यास भीमाशंकरच्या जंगलात झालेला आहे. अशी माशी फुलांच्या परागीभवनाला मोलाची असते. अंगणातल्या दाराला एखादंच भोक असेल तर ते रिकामं झाल्यावर बुजवा आणि लाकडाला रंग द्या. रंगवलेल्या लाकडाकडे ती सहसा फिरकत नाही.

भुशात किड्यांचे पाय, पंखांचे तुकडे आणि आजूबाजूला काळे मुंगळे असतील तर मुंगळ्यांनी आत घर केलंय. तेही लाकूड खात नाहीत, आधीच भिजून मऊ झालेलं कोरतात. म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधा.

भुसा नाही, पण जमिनीवर पंखांचा सडा आहे? वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पाखरं येतात ती हीच. चारही पंख एकाच लांबीचे असतील तर वाळवी, पुढचे दोन मोठे आणि मागचे दोन लहान असतील तर पंख फुटलेल्या मुंग्या. पाखरं बाहेरून उजेडाला आली असतील तर काळजी नाही. दिवे बंद असताना बंद खोलीत, चौकटीच्या पायथ्याशीच पंख सापडले तर वस्ती घरात आहे.

ज्यांच्यावर नाहक आळ येतो

चिचुंद्रीवर सगळ्यात आधी. ती भिंतीच्या कडेने चिकचिक करत पळते, उग्र वास सोडते, आणि दाराखाली दिसते म्हणून दोषी ठरते. पण तिचे दात लाकूड कुरतडायचे नाहीत. ती झुरळं आणि किडे खाते. तिला मारू नका, बाहेरची वाट मोकळी करा.

दुसरी कुंभारीण माशी. चौकटीच्या कोपऱ्यात मातीचा गोळा दिसला की लोक वाळवी समजतात. गोळा सुटा असतो, तिथून पुढे कुठेही नळी जात नाही, आणि लाकडाला काहीच झालेलं नसतं.

तिसरं साधं पाणी. न्हाणीघराच्या दाराचा तळ फुगतो, प्लायचे पदर सुटतात, सनमायका उचलला जातो, आणि एका सकाळी तुकडा गळून पडतो. दातांची खूण नाही, माती नाही, दाणे नाहीत, बोटाने दाबलं तर स्पंजासारखं मऊ. इथे कुठलंही औषध उपयोगी नाही. तळ कापून ॲल्युमिनियमची पट्टी लावायची, नाहीतर ते दार बदलायचं.

चौथी पायरी: ठोका आणि टोचा

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकटीवर खालून वर ठोकत जा. भरीव लाकडाचा आवाज ठाम येतो, पोखरलेल्याचा पोकळ, कागदी. आवाज बदलला तिथे टोकाने हलकेच टोचा. टोक सहज आत गेलं आणि माती निघाली तर जमिनीतली वाळवी. माती नाही, स्वच्छ पोकळी आणि दाणे निघाले तर कोरडी वाळवी. फ्लश डोअरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी प्लाय चिकटवलेल्या सपाट दाराच्या बाबतीत फसगत होते, कारण काही दारांचं पोट मुळातच पोकळ असतं. तिथे फळी सोडून चौकटीवरच भरवसा ठेवा.

पाचवी पायरी: रात्रीची रांगोळी

अजूनही खात्री नसेल तर एक रात्र द्या. झोपण्याआधी दाराच्या दोन्ही बाजूंना रांगोळीचा किंवा टाल्कम पावडरचा पातळ थर पसरा, वितभर रुंद. कणीक वापरू नका, ते खाणं झालं. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरा म्हणजे ठसे उठून दिसतात. उंदराच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला पाच, आणि मध्ये शेपटीची ओढ. चिचुंद्रीच्या चारही पायांना पाच-पाच बोटं. थर जसाच्या तसा राहिला आणि तरी खाली नवं पीठ किंवा दाणे पडले, तर गुन्हेगार लाकडाच्या आतच आहे.

कळलं, आता काय?

उंदीर-घूस असेल तर आधी पकडणं, मग बुजवणं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पिंजरा पहिल्या दोन-तीन रात्री उघडा ठेवा, दार न लावता, आत सुका बोंबील किंवा भाजलेलं खोबरं. तो बिनधास्त खायला लागला की मग लावा. पिंजरा भिंतीला चिकटून ठेवायचा, खोलीच्या मध्ये नाही. लहान घरउंदीर उलट चौकस असतो, तो पहिल्याच रात्री सापडू शकतो. विषाबद्दल कळकळीने सांगतो: पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट भाकरीला लावून ठेवण्याची पद्धत सोडून द्या. ती मुलाच्या पोटात गेली तर यकृत निकामी होतं आणि तिच्यावर उतारा नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. ओल लागली की त्यांतून निघणारा वायू बंद खोलीत माणसं मारतो.

बुजवताना दाराखालची फट 6 मिलिमीटरपेक्षा कमी करा, लहान उंदीर तेवढ्यातून जातो. नुसती रबरी पट्टी तो रात्रीत खातो. दाराच्या तळाला दोन्ही बाजूंनी वीतभर उंचीचा जस्ती पत्रा ठोका, कोपऱ्यातल्या भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लावा. घुशीचं बीळ असेल तर पायरीखालची जागा खणून विटांच्या तुकड्यांनी आणि काँक्रीटने भरावी लागते, वरवर माती लोटून भागत नाही. जुन्या लेंड्या कोरड्या झाडू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ-दहा भाग पाणी शिंपडा, पाच मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं फेकून द्या.

जमिनीतली वाळवी असेल तर नळ्या झाडून किंवा रॉकेल ओतून काही होत नाही, राणी जमिनीत सुखरूप असते. उभ्या इमारतीतल्या वाळवीच्या उपचाराला भारतीय मानक आहे, आय. एस. 6313, भाग 3. औषधवाल्याला त्याबद्दल विचारा. भिंत आणि फरशीच्या सांध्यात साधारण 30 सेंटिमीटरवर 12 मिलिमीटरची भोकं पाडून औषध जमिनीत सोडतात, चौकटीच्या पायथ्याशी आणि लाकडातही देतात. तो कोणतं औषध, किती प्रमाणात, आणि किती भोकं हे कागदावर लिहून देत नसेल तर दुसरा बघा. आणि काम सुरू करण्याआधी त्याला तुमची पुडी आणि फोटो दाखवा. जो पुडी उघडून बघतो त्याच्याशी पुढचं बोला.

कोरडी वाळवी आणि भुंगेरे यांना जमिनीतल्या औषधाने काहीच होत नाही. तिथे त्या लाकडातच भोकांतून औषध टोचावं लागतं. एखादीच फळी असेल तर ती काढून बदलणं स्वस्त पडतं. नवं लाकूड बसवण्याआधी सुताराकडून पांढरा भाग कापून घ्या आणि न दिसणारी बाजू, म्हणजे भिंतीला टेकणारी, तिलाही रंग किंवा लाकूड टिकवणारं औषध मारून घ्या. आपल्याकडे नेमकी तीच बाजू कोरी राहते.

दार दुरुस्त करायची घाई मात्र करू नका. पिंजरा सलग सात रात्री रिकामा राहिला, किंवा खरवडलेली नळी महिनाभर पुन्हा लिंपली गेली नाही, की मगच सुताराला बोलवा. तोवर कोपऱ्यावर पत्र्याचा तुकडा ठोकून ठेवलात तरी चालेल.